प्रदेशनिहाय भांडवल गुंतवणुकीचा श्रम उत्पादकतेवर होणारा परिणाम कसा मोजावा

एकाच देशातील एका प्रदेशात दर कामगारामागे होणारे उत्पादन, म्हणजेच श्रम उत्पादकता, दुसऱ्या प्रदेशाच्या दुप्पट असते आणि त्या प्रदेशात गुंतवणूकही अधिक झालेली असते, असे चित्र अनेक देशांत दिसते. हे दोन आकडे शेजारी मांडले की गुंतवणूक वाढवली तर उत्पादकता वाढेल, हा निष्कर्ष आपोआप सुचतो. तो निष्कर्ष चुकीचाच असतो असे नाही. मात्र तो कोणत्या प्रदेशाला, किती प्रमाणात आणि किती वर्षांनी लागू पडतो, हे आकडेवारीवरून ठरवायचे असेल तर त्यासाठी पद्धतशीर काम करावे लागते. हे मार्गदर्शन ते काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, नियोजन विभागांतील विश्लेषकांसाठी आणि अर्थविषयक लेखन करणाऱ्यांसाठी आहे. या विषयातील बहुतेक चुका समीकरण लिहिताना होत नाहीत. त्या त्याआधी, श्रम आणि भांडवल यांची मोजणी करताना होतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढील विवेचनात मोजणीला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न आधी नेमका करावा

गुंतवणूक म्हणजे एका वर्षात यंत्रे, इमारती, रस्ते, वाहने, सॉफ्टवेअर यांसारख्या टिकाऊ मालमत्तेत घातलेली रक्कम. राष्ट्रीय लेख्यांत तिला स्थिर भांडवल निर्मिती म्हणतात. भांडवल म्हणजे अशा अनेक वर्षांच्या गुंतवणुकीतून घसारा वजा जाता उरलेला साठा. कामगाराच्या हाताला बळ देतो तो साठा, एका वर्षाची रक्कम नव्हे. या दोहोंची सरमिसळ अनेक अहवालांत आढळते, आणि तिचा परिणाम गंभीर असतो. ज्या प्रदेशात पूर्वीच पुष्कळ भांडवल साचले आहे, तेथे चालू वर्षाची गुंतवणूक कमी असूनही उत्पादकता जास्त राहू शकते. उलट नव्याने उभ्या राहणाऱ्या प्रदेशात गुंतवणूक प्रचंड आणि उत्पादकता अद्याप कमी असते. वार्षिक गुंतवणूक आणि उत्पादकतेची पातळी यांचा थेट सहसंबंध काढला तर अशा दोन प्रदेशांमुळे तो शून्याच्या जवळ येऊ शकतो, आणि गुंतवणुकीचा काही उपयोग नाही असा भलताच निष्कर्ष निघतो. त्यामुळे पातळीची तुलना पातळीशी आणि वाढीची तुलना वाढीशी करावी: दर कामगारामागील भांडवल आणि दर कामगारामागील उत्पादन, किंवा या दोहोंचे वार्षिक वाढीचे दर.

दुसरी गोष्ट म्हणजे गुंतवणूक कोणकोणत्या वाटांनी उत्पादकतेपर्यंत पोहोचते हे कागदावर लिहून काढावे. दर कामगारामागील भांडवल वाढले की त्याच श्रमातून अधिक उत्पादन होते, ही पहिली आणि सर्वांना परिचित वाट. नवे यंत्र आपल्याबरोबर नवे तंत्रही आणते, ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे नव्या कारखान्यांमुळे कामगार कमी उत्पादक क्षेत्रातून अधिक उत्पादक क्षेत्रात जातात. चौथी वाट अप्रिय आहे: जुने, दुबळे उद्योग बंद पडतात, तेथील कामगार बेरोजगार होतात, आणि उरलेल्यांची सरासरी उत्पादकता आपोआप वर जाते. अखेरच्या प्रकारात आकडा सुधारलेला दिसतो, पण प्रदेशाचे एकूण उत्पादन वाढलेले नसते. म्हणूनच उत्पादकतेच्या प्रत्येक तक्त्याशेजारी रोजगाराचा तक्ता ठेवावा, असा आग्रह मी धरतो.

प्रदेश आणि श्रम यांची मोजणी

प्रशासकीय सीमा अर्थव्यवहार पाहून आखलेल्या नसतात. युरोपीय संघाने प्रादेशिक आकडेवारीसाठी केलेल्या वर्गीकरणात दुसऱ्या स्तरावरील प्रदेशाची लोकसंख्या साधारणपणे ८ लाख ते ३० लाख असावी असा निकष आहे. तरीही हॅम्बुर्ग, ब्रसेल्स किंवा लंडनचा मध्यभाग येथील दरडोई उत्पादन फुगलेले दिसते, कारण तेथे काम करणारे असंख्य लोक शेजारच्या प्रदेशांत राहतात. ते उत्पादन एका प्रदेशात करतात आणि मोजले जातात दुसऱ्या प्रदेशात. यावरचा उपाय सोपा आहे: छेदस्थानी लोकसंख्या किंवा रहिवासी कामगार न घेता त्या प्रदेशातील कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची संख्या घ्यावी. शक्य असेल तर माणसांऐवजी कामाचे तास घ्यावेत, कारण अर्धवेळ काम, हंगामी शेती आणि दुहेरी नोकरी यांचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. कौटुंबिक पाहण्यांतून मिळणारे रोजगाराचे आकडे राहत्या जागेनुसार असतात आणि उद्योगांच्या पाहण्यांतून मिळणारे कामाच्या जागेनुसार. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नयेत.

अंशस्थानी प्रदेशाचे सकल मूल्यवर्धन (उत्पादनाच्या मूल्यातून कच्चा माल व सेवांचा खर्च वजा जाता उरलेले मूल्य) घ्यावे आणि ते स्थिर किमतींत, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, असावे. प्रदेशनिहाय किंमत निर्देशांक बहुतेक देशांत उपलब्ध नसतात. अशा वेळी संपूर्ण प्रदेशाला राष्ट्रीय पातळीवरचा एकच निर्देशांक लावण्यापेक्षा उद्योगवार राष्ट्रीय निर्देशांक प्रदेशाच्या उद्योगरचनेनुसार लावणे बरे. खाणकामावर उभ्या असलेल्या प्रदेशात हा फरक फार मोठा होतो, कारण खनिजांच्या किमती एका वर्षात मूल्यवर्धन दुप्पट किंवा निम्मे करू शकतात आणि त्या वर्षी कामगार, यंत्रे सारे तेच असते.

खाणी आणि तेल-वायू यांचा प्रश्न किमतीपुरता मर्यादित नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन प्रांतात १९५९ मध्ये मोठे वायुक्षेत्र सापडले, आणि त्यानंतर दीर्घकाळ त्या प्रांताचे दरडोई उत्पादन देशातील सर्वाधिक आकड्यांत मोजले जाई. पण तेथील रहिवाशांचे उत्पन्न त्या प्रमाणात नव्हते. समुद्रातील तेलक्षेत्रांसारख्या, कोणत्याही एका प्रदेशाला जोडता न येणाऱ्या उत्पादनासाठी युरोपीय आकडेवारीत म्हणूनच एक वेगळा प्रदेशबाह्य रकाना ठेवलेला आहे. आपल्या अभ्यासात असा प्रदेश असेल तर सर्व गणिते एकदा त्याच्यासह आणि एकदा खाणकाम वगळून करावीत. दोन्ही वेळा निष्कर्ष टिकला, तरच तो देशाबद्दलचा निष्कर्ष म्हणता येतो. एरवी तो एका खाणीबद्दलचा असतो.

भांडवलाचा साठा उभा करणे

हा या कामाचा गाभा आहे. प्रदेशनिहाय भांडवलाचा अधिकृत साठा फार थोडे देश प्रसिद्ध करतात. बहुतेक ठिकाणी तो अभ्यासकालाच उभा करावा लागतो, आणि त्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग अखंड साठा पद्धतीचा. मागील वर्षअखेरच्या साठ्यातून वर्षभराचा घसारा वजा करावा आणि चालू वर्षाची स्थिर किमतींतील गुंतवणूक त्यात मिळवावी; हे दरवर्षी करत जावे. मालमत्तेच्या प्रकारानुसार घसाऱ्याचा दर वेगळा ठेवावा. इमारती आणि बांधकामे संथ गतीने झिजतात, त्यांचा दर साधारणपणे २ ते ३ टक्क्यांच्या आसपास धरला जातो. यंत्रांचा १० टक्के किंवा अधिक. संगणक आणि सॉफ्टवेअर यांचा त्याच्या कितीतरी पट. सर्व मालमत्तेला एकच सरासरी दर लावला तर ज्या प्रदेशात यंत्रे जास्त आहेत त्याचे भांडवल फुगते आणि ज्या प्रदेशात धरणे, पूल, इमारती जास्त आहेत त्याचे आकसते.

अडचण येते ती आरंभीच्या साठ्याची, कारण आकडेवारी कोठून तरी सुरू होतेच आणि त्याआधीची गुंतवणूक ठाऊक नसते. प्रचलित रीत अशी की पहिल्या वर्षाच्या गुंतवणुकीला गुंतवणुकीचा वाढीचा दर अधिक घसाऱ्याचा दर या बेरजेने भागावे. उदाहरणार्थ, पहिल्या वर्षाची गुंतवणूक १०० एकक, वाढीचा दर ४ टक्के आणि घसारा ६ टक्के असेल तर आरंभीचा साठा १,००० एकक येतो. वाढीचा दर ४ ऐवजी २ टक्के धरला तर तोच साठा १,२५० होतो, आणि ६ टक्के धरला तर सुमारे ८३३. केवळ एका गृहीतकाने साठा दीडपट होऊ शकतो, हे ध्यानात घ्यावे. पहिले वर्ष अपवादात्मक असू शकते, म्हणून त्या एका वर्षाऐवजी पहिल्या पाच वर्षांची सरासरी वापरणे अधिक सुरक्षित. आरंभीच्या अंदाजातील चूक काळाबरोबर झिजत जाते: ६ टक्के घसाऱ्याने दहा वर्षांनी तिचा सुमारे ५४ टक्के भाग उरतो आणि वीस वर्षांनी सुमारे २९ टक्के. त्यामुळे गुंतवणुकीची मालिका जितकी मागे नेता येईल तितकी न्यावी, आणि विश्लेषण मात्र त्या मालिकेच्या उत्तरार्धावर करावे. ज्या अभ्यासात साठ्याची मालिका आणि रिग्रेशन (घटकांमधील संबंध आकडेवारीवरून काढणारे समीकरण) दोन्ही एकाच वर्षापासून सुरू होतात, त्याच्या निष्कर्षांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

दुसरा मार्ग वाटपाचा. राष्ट्रीय पातळीवर उद्योगवार भांडवलाचा साठा उपलब्ध असेल तर प्रत्येक उद्योगाचे भांडवल प्रदेशांत त्या उद्योगाच्या प्रादेशिक उत्पन्नाच्या प्रमाणात वाटायचे. अमेरिकेतील राज्यांसाठी गारोफालो आणि यामारिक यांनी २००२ मध्ये याच धर्तीवर अंदाज काढले आणि ते पुढे अनेकांनी वापरले. ही पद्धत सोयीची आहे, पण आपल्या प्रश्नासाठी तिच्यात एक खोल धोका दडलेला आहे. उत्पन्नाच्या प्रमाणात भांडवल वाटले की ज्या प्रदेशात दर कामगारामागे उत्पन्न जास्त, तेथे दर कामगारामागील भांडवलही जास्त निघणार, हे वाटपाच्या नियमातच ठरलेले असते. नंतर त्या दोहोंमधला घट्ट संबंध पाहून गुंतवणुकीचा प्रभाव सिद्ध झाला असे म्हणणे म्हणजे आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढणे होय. वाटपाशिवाय इलाज नसेल तर वाटपाचा आधार उत्पन्नाशी न जुळणारा घ्यावा: उद्योगांचा वीजवापर, कारखान्यांच्या इमारतींचे क्षेत्रफळ, नोंदणीकृत अवजड वाहने, किंवा उद्योग पाहणीतील स्थिर मालमत्तेचे पुस्तकी मूल्य. यांतील एकही आधार निर्दोष नाही. पण त्यांचे दोष आपल्या प्रश्नाच्या उत्तरात थेट मिसळत नाहीत.

नोंदणीच्या पत्त्याचा प्रश्नही येथेच तपासावा. मोठ्या कंपन्यांची गुंतवणूक पुष्कळदा मुख्यालयाच्या प्रदेशात नोंदली जाते आणि यंत्र बसते दुसऱ्या प्रदेशात. एखाद्या महानगराची गुंतवणूक त्याच्या वीजवापराच्या आणि बांधकामाच्या तुलनेत अवास्तव दिसली, तर प्रथम हीच शंका घ्यावी. रेल्वे, वीजवाहिन्या आणि दूरसंचार यांसारखी जाळी अनेक प्रदेशांतून जातात. त्यांचे भांडवल मार्गाच्या लांबीनुसार किंवा वापरानुसार वाटावे आणि कोणता आधार घेतला ते अहवालात लिहावे.

वाढीचा हिशेब

साठा तयार झाला की लगेच रिग्रेशनकडे धावू नये. त्याआधी साधा वाढीचा हिशेब मांडावा. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये दाखवलेल्या रीतीने दर कामगारामागील उत्पादनाच्या वाढीचे दोन भाग करता येतात: एक भाग दर कामगारामागील भांडवलाच्या वाढीमुळे, आणि उरलेला समग्र घटक उत्पादकतेचा, म्हणजे तंत्र, संघटन, कौशल्य, संस्था आणि मोजणीतील चुका या सर्वांचा मिळून. सोलो यांच्या हिशेबात १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेच्या बिगरशेती क्षेत्रात दर तासामागील उत्पादन जवळपास दुप्पट झाले, आणि त्यातील सुमारे साडेसत्त्याऐंशी टक्के वाढ भांडवलाने नव्हे, तर उर्वरित घटकाने समजावली गेली. प्रादेशिक अभ्यास करणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा, म्हणजे भांडवलाकडून अवास्तव अपेक्षा राहत नाही.

रीत अशी. समजा एका प्रदेशात दर कामगारामागील भांडवल वर्षाला ६ टक्क्यांनी आणि उत्पादकता ३.५ टक्क्यांनी वाढली, आणि उत्पन्नातील भांडवलाचा वाटा ०.३५ आहे. मग भांडवलाचे योगदान २.१ टक्के आणि उर्वरित १.४ टक्के. दुसऱ्या प्रदेशात भांडवल ५ टक्क्यांनी आणि उत्पादकता १.९ टक्क्यांनीच वाढली असेल तर भांडवलाचे योगदान १.७५ टक्के आणि उर्वरित केवळ ०.१५ टक्के. दोन्ही प्रदेशांत भांडवलवाढीचा वेग जवळपास सारखा असून परिणामात मोठी तफावत आहे. चर्चा या तफावतीची व्हायला हवी. पण बहुतेक अहवाल पहिल्या रकान्यावरच थांबतात.

या हिशेबात दोन ठिकाणी सावध राहावे. भांडवलाचा वाटा काढताना एकूण उत्पन्नातून वेतन वजा केले जाते, आणि स्वयंरोजगारितांचे मिश्र उत्पन्न (ज्यात त्यांचे श्रम आणि भांडवल दोन्हींचा मोबदला असतो) सगळे भांडवलाच्या बाजूला जाऊन पडते. ज्या प्रदेशात छोटे शेतकरी, दुकानदार, कारागीर अधिक आहेत, तेथे भांडवलाचा वाटा त्यामुळे फुगतो. डग्लस गोलिन यांनी २००२ मध्ये ही दुरुस्ती केली, तेव्हा बहुतेक देशांतील श्रमाचा वाटा ०.६५ ते ०.८० या पट्ट्यात आला. प्रदेशांसाठीही मिश्र उत्पन्नाचे श्रम आणि भांडवल असे विभाजन करून घ्यावे, नाहीतर सर्व प्रदेशांना एकच दुरुस्त वाटा लावून निष्कर्ष तपासावा.

दुसरी सावधगिरी अधिक सूक्ष्म आहे. तंत्र सुधारले की गुंतवणूक फायदेशीर होते आणि भांडवल त्याच्यामागे येते; अशा भांडवलाचे श्रेय पूर्णतः गुंतवणुकीला देणे योग्य नाही. म्हणून तोच हिशेब भांडवल आणि उत्पादन यांच्या गुणोत्तराच्या रूपातही मांडावा. वरील पहिल्या प्रदेशात हे गुणोत्तर वर्षाला २.५ टक्क्यांनी वाढले. त्याला ०.३५ भागिले ०.६५ या प्रमाणाने गुणले की भांडवलाचे योगदान सुमारे १.३५ टक्के येते, म्हणजे एकूण वाढीतील त्याचा हिस्सा ६० टक्क्यांवरून सुमारे ३८ टक्क्यांवर उतरतो. दोन्ही रूपे बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. वाचकाला दोन्ही आकडे द्यावेत.

रिग्रेशन, आणि त्यातील प्रसिद्ध धडा

आता अनेक प्रदेश आणि अनेक वर्षे यांचा पॅनेल, म्हणजे प्रत्येक प्रदेशाचे प्रत्येक वर्षाचे आकडे असलेला संच, तयार करावा. चार्ल्स कॉब आणि पॉल डग्लस यांनी १९२८ मध्ये मांडलेले उत्पादन फलन (श्रम आणि भांडवलापासून किती उत्पादन होते हे सांगणारे समीकरण) हा सर्वांत सोपा आरंभबिंदू आहे: दर कामगारामागील उत्पादनाचा लॉगरिदम एका बाजूला, आणि दर कामगारामागील भांडवलाचा लॉगरिदम, शिक्षणाचा स्तर, उद्योगरचना यांसारखे घटक दुसऱ्या बाजूला. भांडवलाच्या गुणकाचा अर्थ सरळ असतो: दर कामगारामागील भांडवल १ टक्क्याने वाढले तर उत्पादकता किती टक्क्यांनी वाढते.

या गुणकाची किंमत प्रदेशांच्या कायमच्या वैशिष्ट्यांना हिशेबात धरल्यावर कशी बदलते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील सार्वजनिक भांडवलावरच्या वादात सापडते. डेव्हिड अशॉअर यांनी १९८९ मध्ये राष्ट्रीय आकडेवारीवरून सार्वजनिक भांडवलाचा गुणक ०.३९ काढला. हा आकडा इतका मोठा होता की पायाभूत सुविधांवरील खर्चाच्या बाजूने तो लगेच वापरला गेला. अलिशिया मनेल यांनी १९९० मध्ये ४८ राज्यांची १९७० ते १९८६ या काळातील आकडेवारी घेतली तेव्हा गुणक ०.१५ वर आला. पुढे डग्लस होल्ट्झ-इकिन यांनी १९९४ मध्ये प्रत्येक राज्याची कायमस्वरूपी वैशिष्ट्ये वेगळी काढली, तेव्हा तो जवळपास शून्यच उरला. श्रीमंत राज्ये अधिक रस्ते बांधू शकतात, हे त्या फरकामागचे एक साधे स्पष्टीकरण. त्यामुळे प्रत्येक प्रदेशाचा आणि प्रत्येक वर्षाचा स्थिर परिणाम (त्या प्रदेशाची किंवा वर्षाची स्वतःची वेगळी पातळी टिपणारा घटक) समीकरणात घेतल्याशिवाय कोणताही गुणक प्रसिद्ध करू नये.

पण याच धड्याचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. प्रदेशाचा स्थिर परिणाम काढून टाकला की भांडवलातील दीर्घकालीन फरक नाहीसे होतात आणि उरतात ती वर्षावर्षाची छोटी हालचाल. भांडवलाच्या मोजणीतील चुका त्या छोट्या हालचालीत अधिक ठळक होतात आणि गुणकाला शून्याकडे ओढतात. शून्य गुणक म्हणजे परिणाम नाही, असे म्हणण्यापूर्वी हेही तपासावे. त्यासाठी एक वर्षाच्या फरकांऐवजी पाच किंवा दहा वर्षांचे फरक घेऊन तेच समीकरण पुन्हा चालवावे. काळाचा पल्ला वाढवल्यावर गुणक वाढत गेला, तर आधीचा शून्य मोजणीतून किंवा विलंबातून आला असण्याची शक्यता मोठी आहे.

विलंब स्वतंत्रपणे हाताळावा. यंत्राचा परिणाम एक ते तीन वर्षांत दिसू शकतो. बंदर, धरण किंवा रेल्वेमार्ग यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि उभारणीच्या वर्षांत पैसा खर्च होतो पण उत्पादन वाढत नाही. अर्धवट प्रकल्पांवरचा खर्च तो प्रकल्प सुरू होईपर्यंत साठ्यात धरू नये. गेल्या वर्षाची उत्पादकता समीकरणाच्या उजव्या बाजूला घ्यायची असेल, तर स्टीव्हन निकेल यांनी १९८१ मध्ये दाखवलेली त्रुटी लक्षात ठेवावी: वर्षे थोडी असताना स्थिर परिणामांसह असे समीकरण चालवले की गुणक एका बाजूला झुकतो. अरेलानो आणि बाँड यांची १९९१ ची, आणखी मागच्या वर्षांच्या आकड्यांचा आधार घेणारी पद्धत त्यावरचा उपाय आहे, पण ती पुष्कळ प्रदेश आणि थोडी वर्षे अशा पॅनेलसाठी आहे. देशात पंधरा-वीसच प्रदेश असतील तर ती वापरू नये. प्रदेश इतके कमी असताना नेहमीच्या प्रमाण त्रुटी (गुणकाच्या अनिश्चिततेचे माप) याही फसव्या ठरतात, म्हणून बूटस्ट्रॅपवर, म्हणजे त्याच आकडेवारीतून पुनःपुन्हा नमुने काढण्यावर, आधारित चाचणी करावी.

आधी कोण: गुंतवणूक की उत्पादकता

खासगी गुंतवणूकदार जेथे नफा दिसतो तेथे जातो, म्हणजे आधीच वेगाने वाढणाऱ्या प्रदेशात. सरकार पुष्कळदा मागास प्रदेशात जाते. पहिल्या कारणाने गुणक वास्तवापेक्षा मोठा येतो, दुसऱ्याने छोटा. यासाठी खासगी आणि सार्वजनिक भांडवल एकत्र करू नये. दोन्हींतील चुका विरुद्ध दिशांच्या असतात आणि बेरजेत त्या एकमेकींना झाकतात.

कारण आणि परिणाम वेगळे करण्यासाठी असा एखादा नियम शोधावा ज्याने गुंतवणूक ठरते, पण प्रदेशाच्या भावी उत्पादकतेशी त्याचा थेट संबंध नसतो. युरोपीय संघात ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला सर्वाधिक साहाय्य मिळते. ७४ टक्क्यांचा आणि ७६ टक्क्यांचा प्रदेश एरवी जवळपास सारखेच असतात, त्यामुळे सीमारेषेच्या दोन बाजूंची तुलना बरीच विश्वासार्ह ठरते. बेकर, एगर आणि फॉन एर्लिश यांनी २०१० मध्ये ही तुलना केली. साहाय्य मिळालेल्या प्रदेशांत दरडोई उत्पादनाची वाढ अधिक दिसली, पण रोजगारात तशी वाढ आढळली नाही. अशी सीमारेषा आपल्या देशाच्या कोणत्या निधिवाटप सूत्रात आहे, हे शोधण्यात घालवलेला वेळ कोणत्याही क्लिष्ट समीकरणापेक्षा अधिक फळ देतो. ती नसेल तर प्रदेशाची जुनी उद्योगरचना आणि त्या उद्योगांतील राष्ट्रीय गुंतवणुकीची वाढ यांच्या गुणाकारातून अपेक्षित गुंतवणूक काढता येते. टिमोथी बार्टिक यांच्या १९९१ च्या कामानंतर ही रीत रूढ झाली.

शेजारी प्रदेश

एका प्रदेशातील महामार्गाने शेजारच्या प्रदेशाचा माल बाजारात लवकर पोहोचतो. तोच महामार्ग शेजारचे कुशल कामगार आणि कारखाने ओढूनही घेऊ शकतो. प्रत्येक प्रदेश स्वतंत्र बेट आहे असे मानून काढलेला गुणक हे दोन्ही परिणाम चुकवतो. आधी रिग्रेशनमधून उरलेल्या अवशेषांवर (समीकरणाने न समजावलेल्या भागांवर) मोरान निर्देशांक काढावा; शेजारच्या प्रदेशांचे आकडे एकमेकांसारखे आहेत का, हे तो दाखवतो. तो लक्षणीय आला तर शेजाऱ्यांच्या भांडवलाची भारित सरासरी समीकरणात घ्यावी. भार ठरवताना सामायिक सीमेपेक्षा प्रवासाचा वेळ किंवा मालवाहतुकीचे प्रमाण अधिक अर्थपूर्ण असते. शेजाऱ्याचा गुणक ऋण आला, तर प्रदेशांच्या बेरजेत दिसणारा लाभ देशाच्या पातळीवर कमी आहे, हे स्पष्ट लिहावे.

प्रदेशागणिक वेगळा परिणाम

संपूर्ण देशासाठी एकच गुणक काढून थांबणे म्हणजे मूळ प्रश्न सोडून देणे होय. पूर्व जर्मनीत १९९० च्या एकीकरणानंतर यंत्रे, घरे, रस्ते, दूरसंचार यांत प्रचंड गुंतवणूक झाली. आरंभी तेथील दर कामगारामागील उत्पादन पश्चिमेच्या निम्म्याहूनही कमी होते. पहिल्या काही वर्षांत ते झपाट्याने वर गेले, पण १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर हा वेग मंदावला आणि पश्चिमेशी असलेली तफावत पुरती मिटली नाही. सुरुवातीच्या झेपेत जुने कारखाने बंद पडल्याचा आणि लाखो नोकऱ्या गेल्याचाही वाटा होता. पुढे जे अंतर उरले त्यामागे मोठ्या कंपन्यांची मुख्यालये आणि संशोधन विभाग पश्चिमेत असणे, छोट्या उद्योगांचे अधिक प्रमाण आणि तरुणांचे स्थलांतर ही कारणे सांगितली जातात. यांपैकी एकही कारण केवळ यंत्रांच्या संख्येने दूर होणारे नाही.

दक्षिण इटलीचा अनुभव याहून अधिक बोलका आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या कासा पेर इल मेझोजोर्नो या निधीने प्रारंभी सिंचन, रस्ते, पाणीपुरवठा यांवर भर दिला, आणि पुढे राज्याच्या पाठबळावर तारांतोचा पोलाद कारखाना, जेलाचा पेट्रोरसायन प्रकल्प असे भांडवलप्रधान उद्योग उभे राहिले. त्या कारखान्यांत दर कामगारामागील उत्पादन उंच होते, पण भोवतालच्या छोट्या उद्योगांशी त्यांची साखळी जुळली नाही. इटलीत अशा प्रकल्पांना वाळवंटातील कॅथेड्रल म्हणू लागले. प्रदेशाच्या सरासरीत मात्र ते कारखाने मिसळून जातात आणि सारे काही सुधारल्याचे दिसते. अशा वेळी सरासरीसोबत मध्यक काढावा, आणि सर्वांत मोठे काही कारखाने वगळून उत्पादकता पुन्हा मोजावी.

परिणामातील हा फरक समीकरणात आणण्यासाठी भांडवलाला प्रदेशाच्या शिक्षणस्तराशी, कामगारांच्या घनतेशी आणि प्रशासनाच्या गुणवत्तेच्या एखाद्या मापाशी गुणून नवे घटक तयार करावेत. ज्या प्रदेशात शिक्षित कामगार आणि कार्यक्षम प्रशासन आहे, तेथे तोच पैसा अधिक उत्पादकता देतो, असे युरोपीय निधीच्या पुढील अभ्यासांतही आढळले आहे. घनतेचा घटक वगळू नये, कारण दाट वस्तीच्या प्रदेशात भांडवलाशिवायही उत्पादकता अधिक असते. सिकोने आणि हॉल यांच्या १९९६ मधील अंदाजानुसार रोजगाराची घनता दुप्पट झाली की श्रम उत्पादकता सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. हे परिणाम वेगळे केले नाहीत तर महानगराची सारी उंची गुंतवणुकीच्या नावावर जमा होते.

निष्कर्ष लिहिताना

मुख्य तक्त्यात एकच गुणक न देता किमान चार द्यावेत: आरंभीच्या साठ्याची दोन वेगळी गृहीतके, आणि त्या प्रत्येकात खाणकामासह व खाणकामाशिवाय. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक प्रदेशाची उत्पादकता, दर कामगारामागील भांडवल आणि रोजगार यांचे वाढीचे दर शेजारी शेजारी मांडावेत, म्हणजे उत्पादकता वाढली पण रोजगार घटला असे प्रदेश लगेच ओळखू येतील. सरासरी काढताना प्रत्येक प्रदेशाला समान वजन दिले की कामगारसंख्येनुसार, हे सांगावे. लहान पण श्रीमंत प्रदेश असलेल्या देशात या एका निवडीने निष्कर्ष उलटू शकतो. वापरलेला घसारा दर, किंमत निर्देशांक, वाटपाचा आधार आणि प्रदेशांच्या सीमांतील बदल यांची यादी परिशिष्टात द्यावी, आणि साठ्याची तयार मालिका गणिताच्या पत्रकासह खुली ठेवावी, म्हणजे दुसरा अभ्यासक आपले गृहीतक बदलून तोच आकडा नव्याने काढू शकेल.